नोकरी जाते तेव्हा आणखी काय काय जातं?

(मार्केट यार्ड, पुणे इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी दोन प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आयोजकांनी विषय दिला आहे, 'नोकरी गमावण्याचे मानसिक परिणाम'. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. डॉक्टर म्हणतात मला, पण ते पीएचडीचं डॉक्टर, गोळ्या देणारं नव्हे. त्यामुळे औषधोपचारावर मी बोलणार नाही. माणसाची नोकरी जाते तेव्हा त्याच्या डोक्यात नेमकं काय घडतं आणि ते तसंच का घडतं, एवढंच बघू.

सुरुवात घरापासून करतो. माझे वडील नाना पेठेत एका भुसार पेढीवर दिवाणजी होते. आज इथे गुलटेकडीला जो भुसार बाजार आहे, तो तेव्हा पेठांमध्ये होता. 1966 साल. मी जुन्या अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षात. पेढीच्या मालकांनी व्यवहार आवरता घेतला आणि वडिलांना सांगितलं, उद्यापासून येऊ नका. एकोणीस वर्षांची नोकरी होती.

वडिलांनी घरी सांगितलं नाही. रोज सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी सातला परत यायचे. दोन महिने हे चाललं. दिवसभर ते पर्वतीच्या पायथ्याशी नाहीतर एखाद्या वाचनालयात बसायचे, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आईला मात्र आठव्या दिवशीच कळलं होतं. कसं, ते तिने मला पुढे सांगितलं. पेढीत मिरचीची पोती असायची. वडिलांचा कोट झटकला की खकाणा उडायचा आणि आई शिंकायची. वर्षानुवर्षांचा हा नेम. त्या आठवड्यात कोट झटकला आणि शिंक आली नाही. तिला समजलं. ती काही बोलली नाही. डबा भरून देत राहिली.

वडील तेव्हा का बोलले नाहीत, आणि आई बोलली नाही हे बरोबर केलं की चूक, हा प्रश्न पंचावन्न-साठ वर्षं माझ्याबरोबर आहे. आजचं व्याख्यान त्या प्रश्नाचंच आहे, असं समजा.

बेकार हा शब्द

आधी आपली भाषा बघा. ज्याला काम नाही त्याला आपण 'बेकार' म्हणतो. फारसीत 'कार' म्हणजे काम. बे-कार म्हणजे बिनकामाचा, इतका साधा अर्थ. पण मराठीत आपण आणखी काय काय बेकार म्हणतो? चहा बेकार झालाय. सिनेमा बेकार होता. म्हणजे काम नसलेला माणूस आणि वाईट चहा, दोघांना एकच शब्द! 'रिकामा' माणूस, 'रिकामटेकडा', 'बसून खातो'. आपल्या भाषेत काम जाणं आणि किंमत जाणं यांच्यामध्ये भिंतच नाही. नोकरी गेलेला माणूस लहानपणापासून हीच भाषा बोलत आलेला असतो. तीच आता तो स्वतःबद्दल वापरतो.

दुसरा शब्द 'रोजगार'. हाही फारसी. आपण त्याचा अर्थ कमाई असा घेतो. फारसीत त्याचा एक अर्थ आहे काळ, दिवस. रोजगार गेला म्हणजे पैसा गेला हे खरंच, पण त्याबरोबर माणसाचा काळही जातो. हे नुसतं शब्दाचं कौतुक नाही. याचा पुरावा आहे, आणि तो एका परक्या गावातून आला आहे.

मारिएनथाल

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगत होतं. 1929-30 च्या जागतिक मंदीत गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळ्या घरांचा रोजगार एकदम गेला. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तीन तरुण अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या 478 कुटुंबांचा अभ्यास केला. 1933 साली तो पुस्तकरूपाने आला.

त्यांना वाटलं होतं, माणसांना आता भरपूर वेळ आहे, तर ती वाचतील, सभांना जातील, बागकाम करतील. झालं उलटंच. वाचनालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. अभ्यासकांनी खिडकीत बसून रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळूहळू चालायला लागले होते, मध्येच थांबत होते. कुठे जायचंच नाही, तर घाई कशाला? पुरुषांना दिवसभरात काय केलं ते लिहायला सांगितलं, तर दोनतीन गोष्टींपलीकडे आठवेना. उठलो, जेवलो, झोपलो. मधले तास गेले कुठे, ते सांगता येईना.

बायका मात्र पुरुषांच्या साधारण दीडपट वेगाने चालत होत्या. त्यांचीही गिरणीतली नोकरी गेली होती, पण चूल, धुणं, मुलं ही कामं गेली नव्हती. उलट कमी पैशात तेच घर चालवायचं म्हणजे काम वाढलं होतं. हे आपल्याकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको.

याहोडाबाईंनी पुढे आयुष्यभर या विषयावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की नोकरी पगार देते, हे तिचं उघड काम. पण ती आणखी पाच गोष्टी न सांगता देत असते. एक, दिवसाला आकार. दोन, घराबाहेरच्या माणसांचा सहवास. तीन, आपण एकट्याने करतो त्याहून मोठ्या कशात तरी आपला वाटा आहे ही जाणीव. चार, समाजात एक ओळख. पाच, हातापायांना आणि डोक्याला नियमित हालचाल. नोकरी गेली की पगाराबरोबर या पाचही गोष्टी एका दिवसात जातात. आपण त्या कधी मोजलेल्याच नसतात, म्हणून काय गेलं हे माणसाला सांगता येत नाही. तो म्हणतो, 'पैशाचं कसं तरी निभेल हो, पण बरं वाटत नाही.' घरचे म्हणतात, 'पैशाचं निभतंय ना, मग झालं!' दोघंही खरं बोलत असतात.

आता माझे वडील डबा घेऊन का निघत होते, ते मला थोडं समजतं. ते आम्हाला फसवत होतेच. पण साडेआठ ते सात हा आपल्या दिवसाचा आकारही ते धरून ठेवत होते.

आकडे काय सांगतात

कुणी म्हणेल, मुळात खचलेल्या माणसांच्याच नोकऱ्या जात असतील. शंका रास्त आहे. कार्स्टन पॉल आणि क्लाउस मोझर या जर्मन संशोधकांनी 2009 मध्ये शेकडो अभ्यास एकत्र करून तपासले. मानसिक त्रास असलेल्यांचं प्रमाण नोकरी असणाऱ्यांमध्ये सरासरी 16 टक्के निघालं आणि नोकरी नसणाऱ्यांमध्ये 34 टक्के. म्हणजे दुपटीहून जास्त. त्याच माणसांचा पुढे मागोवा घेणारे अभ्यास पाहिले, तर नोकरी गेल्यावर त्रास वाढतो आणि मिळाल्यावर कमी होतो, असं दिसलं. आधीपासून खचलेल्यांना काम मिळणं अवघड जातं, हेही खरं आहे. पण काम जाण्याने माणूस खचतो, हे त्यातून स्पष्ट झालं.

जर्मनीतल्याच हजारो लोकांची पंधरा वर्षांची माहिती तपासून 2004 मध्ये आणखी एक निष्कर्ष आला. पुन्हा नोकरी लागल्यावरही माणसांचं समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीपर्यंत पूर्ण परतलं नाही. काहीतरी मागे राहतं. माझ्या वडिलांना पुढे काम मिळालं, पण त्यानंतर कुठलीही जागा त्यांनी कधी 'आपली' म्हणून सांगितली नाही. 'तिथे जातो' एवढंच म्हणायचे.

कारण आणि दोष

इथवर मानसशास्त्र झालं. आता माझ्या विषयाकडे येतो.

तत्त्वज्ञानात आम्ही विद्यार्थ्यांना एक भेद फार लवकर शिकवतो, कारण आणि दोष यांतला. पाऊस पडला नाही हे पीक जाण्याचं कारण आहे. तो शेतकऱ्याचा दोष नाही. दिसायला सोपं आहे. पण स्वतःवर वेळ आली की हा भेद पाळणं महाकठीण. कंपनीने माणसं कमी केली, हे कारण. 'मीच का? माझंच काहीतरी कमी पडलं', हा दोष. नोकरी गेलेल्या माणसाच्या डोक्यात रात्री दोन वाजता कारणाचं रूपांतर दोषात होत असतं. मानसिक परिणामांचं मूळ मला इथे दिसतं. झोप जाणं, चिडचिड, फोन न उचलणं, लग्नकार्य टाळणं, ही त्याची फळं. लाज वाटते म्हणून माणूस लपतो. लपला की कारण समजावून सांगणारं कुणी उरत नाही. मग लाज आणखी वाढते.

हे रूपांतर कधी होतं आणि कधी होत नाही, याची दोन उदाहरणं देतो.

पहिलं याच आवारातलं. 2020 साली करोनाच्या टाळेबंदीत, एप्रिल-मे महिन्यांत, हा बाजार कित्येक आठवडे बंद होता. हमाल, तोलणार, टेम्पोवाले, गाळ्यांवरची मुलं, चहावाले, सगळ्यांचं काम एका दिवसात थांबलं. हाल झाले. काही जण गावी गेले, काहींनी उसनवारी केली. पण त्या काळात ज्यांच्याशी माझं बोलणं झालं, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून 'माझं काय चुकलं' हे वाक्य मी ऐकलं नाही. काळजी होती, रागही होता, लाज नव्हती. कारण सगळ्यांना दिसत होतं.

आता दुसरं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत नेते होते, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. सुरुवातीला सभा, मोर्चे, गावाकडून येणारं धान्य. कामगार एकत्र होता, तोवर मान ताठ होती. संप रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही. महिने गेले, वर्ष गेलं, हजारो लोक कामावर परत जाऊ शकलेच नाहीत. मग सभा संपल्या आणि प्रत्येक जण आपापल्या दहा बाय बाराच्या खोलीत एकटा उरला. तीच घटना, तेच कारण. पण आता प्रश्न बदलला होता. आमचं काय होणार, याच्या जागी माझं काय चुकलं हे आलं. खोलीतल्या बाईने खानावळ चालवून घर सावरलं, तर पुरुषाला तेही लागलं. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकात अशाच एका घराची गोष्ट आहे. ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

म्हणजे मोठं संकट आलं म्हणून लाज जास्त, असं नाही. माणूस एकटा पडला की लाज येते. आजच्या हिंजवडी-खराडीतल्या मुलांचं अवघड इथेच आहे. एका सकाळी मीटिंगचं बोलावणं येतं, दहा मिनिटांत सगळं संपतं, दुपारी लॅपटॉप परत. शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राची नोकरी शाबूत असते. शंभर जणांना काढलं तरी प्रत्येकाला एकेकटं बोलावून काढतात. कारण जगाच्या बाजारात असतं, पण निरोप मात्र 'तुमची कामगिरी' अशा भाषेत येतो. मग त्या मुलाने ते दोष म्हणून वाचलं, तर त्याचं काय चुकलं?

महाराष्ट्राला हा भेद कळत नव्हता असं नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. त्यामागचा विचार असा, की काम नसणं हा माणसाचा गुन्हा नव्हे. काम मागणाऱ्याला ते देणं ही सरकारची जबाबदारी. खडी फोडायला जाणाऱ्या बाईला आपण हे तत्त्व लागू केलं. पांढरपेशा घरात मात्र अजून 'शेजाऱ्यांना सांगू नका' हेच चालू आहे.

टोळी

पुन्हा वडिलांकडे येतो. ते सुटले कसे?

आईमुळे नाही, माझ्यामुळे तर नाहीच. पेढीवर माल उतरवणाऱ्या हमालांच्या टोळीतले एक गृहस्थ त्यांना पर्वतीच्या पायथ्याशी दिसले. त्यांना पेढी बंद झाल्याचं माहीत होतंच, त्यांचंही काम गेलं होतं. ते म्हणाले, 'दिवाणजी, हिथं काय करताय? आमची वाटणी लिहायला माणूस न्हाई. चला.'

टोळीची पद्धत तुम्हाला माहीत आहे. दिवसभराची हमाली एकत्र करायची आणि संध्याकाळी वाटायची. त्याचा हिशेब, गावी पाठवायच्या मनिऑर्डरी, पत्रं, हे लिहायला त्यांना कुणी हवं होतं. वडील जाऊ लागले. पैसे फार नव्हतेच. पण पुढे वर्षाने दुसरीकडे कायमचं काम मिळेपर्यंत ते टिकले, ते या टोळीवर.

त्या गृहस्थांनी काय केलं बघा. त्यांनी धीर दिला नाही, उपदेश केला नाही. त्यांनी वडिलांना 'दिवाणजी' म्हटलं. पेढी गेली होती, ओळख त्यांनी जाऊ दिली नाही. आणि गरज दाखवली: आम्हाला तुमची जरूर आहे. याहोडाबाईंच्या पाच गोष्टींपैकी चार-पाच त्यांनी एका वाक्यात परत दिल्या. त्यांनी याहोडाबाईंचं नाव कधी ऐकलं नसणार.

याच कष्टकऱ्यांमध्ये बाबा आढावांनी 1955 साली हमाल पंचायत उभी केली. 1969 मध्ये राज्यात माथाडी कायदा झाला. 1974 मध्ये 'कष्टाची भाकर' सुरू झाली. या सगळ्यांनी कष्टकऱ्याला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, स्वस्त जेवण मिळवून दिलं, हे सगळे सांगतात. मला त्यात आणखी एक दिसतं. एकेकट्या हमालाच्या अडचणीला त्यांनी सगळ्यांची अडचण केलं. मघाशी जे कारण आणि दोष म्हटलं, त्याचा हा व्यवहारातला उपाय.

करायचं काय

चार गोष्टी सांगतो आणि थांबतो.

ज्याची नोकरी गेली त्याने पहिल्या आठवड्यात घरातल्या एका आणि बाहेरच्या एका माणसाला सांगावं. जितका उशीर, तितकं ते जड होतं. उठण्याची, बाहेर पडण्याची वेळ सोडू नये. अर्ज, शिकणं, व्यायाम यांना ठरलेले तास द्यावेत. नोटिशीचे पैसे, ग्रॅच्युइटी, पीएफ, घरखर्च हे एका कागदावर मांडावं. आकडा डोक्यात असतो तोवर तो राक्षस असतो, कागदावर आला की हिशेब होतो.

घरच्यांनी रोज संध्याकाळी 'काही झालं का?' विचारू नये. दुसऱ्यांच्या मुलांची उदाहरणं देऊ नयेत. खरं काहीतरी काम सांगावं, जे त्याच्यावाचून अडलं आहे.

आणि झोप, जेवण सुटलं, दारू वाढली, 'मी नसतो तर बरं झालं असतं' अशी भाषा आली, तर वाट पाहू नये. डॉक्टरांकडे न्यावं. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, 14416 हा क्रमांक, मोफत, मराठीत बोलता येतं. हा नंबर लिहून घ्या.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न:* सर, आम्ही हमाल. आमची नोकरीच नाही, तर जाणार काय?

*उत्तर:* तुम्ही माझी चूक दाखवलीत. मी टोळीचं जरा गोडच चित्र काढलं. तुमचं काम एका दिवसात जात नाही, ते पाठीतून आणि गुडघ्यातून जातं. पन्नाशी-पंचावन्नला पोतं उचलेना की माणूस टोळीत असूनही मागे पडतो. 'आता माझ्यामुळे वाटणी कमी होते' ही लाज नोकरी गेलेल्या माणसाच्याच जातीची. तिथेही हेच लागू. शरीर झिजलं, हे कारण आहे. तीस वर्षं शहराचं धान्य पाठीवर वाहिलं, तर ते झिजणारच. पेन्शनची तुमची मागणी मी म्हणूनच न्यायाची मानतो, दयेची नाही.

*प्रश्न:* माझ्या मुलाची आयटीतली नोकरी जाऊन चार महिने झाले. तो खोलीतून बाहेर येत नाही. आम्ही काही विचारत नाही, त्याला वाईट वाटेल म्हणून. बरोबर करतोय ना?

*उत्तर:* ताई, तुमच्या जागी माझी आई होती. तिने न बोलता डबा दिला, त्यात फार माया होती. वडिलांचा मान राहिला. पण ते दोन महिने वडील पर्वतीच्या पायथ्याशी एकटे बसले होते, आणि तिला ते माहीत होतं. म्हातारपणी ती मला म्हणाली, 'एवढंच म्हणायला हवं होतं की मला ठाऊक आहे. बाकी काही नाही.' वडील गेल्यावर म्हणाली.

तुम्ही आज घरी गेलात की त्याच्या खोलीत जाऊन बसा. नोकरीचं विचारू नका. त्याला सांगा, मला माहीत आहे तुला किती जड जातंय, आणि तुझं काही चुकलेलं नाही. तो कदाचित चिडेल. चिडू दे. उद्या सकाळी त्याला तुमच्याबरोबर बाहेर काढा, भाजी आणायला इथे मार्केट यार्डात घेऊन या हवं तर. पिशव्या खरंच जड असतात, त्याची मदत लागेलच. तेवढ्यानेही तो बाहेर पडला नाही, तर मघाचा नंबर आहे. आणि अजून चार महिने थांबू नका.